कोतवालाच्या गळ्यातली माळ

२२ जुलै, मंगळवार

आज जनावरांच्या दवाखान्यात माझ्याआधी एका म्हशीला घेतलं. मी आधी येऊन बसलेलो, म्हैस मागून आली. डॉक्टर धम्मानंद म्हणतात, "काका, म्हैस अडलीय, जरा थांबा." थांबलो. पाय आखडले तरी थांबलो. पालमच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म गेला माझा, नंबर म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पण हल्ली माणसाला किंमत नाही, म्हशीला आहे.

कोतवाल बाजाराच्या पिशवीतून तोंड बाहेर काढून सगळं बघत होता. कोतवाल म्हणजे आमचा बोका. पांढराशुभ्र, शेपूट तेवढं काळं. रोज सगळ्या गल्लीच्या भिंतींवरून गस्त घालतो म्हणून हे नाव. मारामाऱ्या करून कान फाडून घेतो, तेव्हा पुण्याहून वैदेहीनं फर्मान काढलं की बाबा, त्याची नसबंदी करून घ्या, आणि भूल द्यायच्या आधी रक्त तपासा. लेकीचं ऐकावं लागतं. डॉक्टरांनी रक्त काढलं, बाजारातल्या पप्पूच्या लॅबला पाठवलं, आणि म्हणाले, "रिपोर्ट आला की मला आणून दाखवा. तुमचं तुम्ही वाचू नका." हे मला! सरकारी कागद वाचण्यात केस पांढरे झाले त्याला! आणतो म्हणालो. मनात म्हटलं, तुमच्या दारात पाय ठेवला तर बघा.

घरी आलो तर चहात साखर कमी. अनसूयेला बोललो. ती काही बोलली नाही. ती बोलतच नाही, या घरात सगळं मलाच बोलावं लागतं.

२३ जुलै

रिपोर्ट आला. वर नाव काय, तर "मि. कोतवाल गोविंदराव, पुरुष, वय ५". बोक्याला माझा मुलगा करून ठेवला! पप्पूला चांगला झापला. म्हणे, "काका, कॉम्पुटरमदी मांजर असा कप्पाच न्हाई. माणसातच टाकावं लागतंय." कसला धंदा, कसली लॅब.

पण ते राहू दे. खाली एसजीपीटी अडुसष्ट, ठळक अक्षरात, शेजारी लिहिलंय चाळीसच्या आत पाहिजे. एसजीपीटी म्हणजे लिव्हर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या कचेरीतल्या एका पेशकाराची अशीच वाढली होती, वर्षाच्या आत गेला. तो पीत होता ही गोष्ट वेगळी. माझ्या बोक्यानं दुधाशिवाय कशाला तोंड लावलेलं नाही.

पप्पू म्हणतो, धम्मानंद सरांना दाखवा. म्हटलं, मला अक्कल शिकवू नकोस. लिव्हर बिघडलं म्हणजे कावीळ, आणि काविळीवर डॉक्टरकडे औषध नाही, हे मी स्वतः भोगलंय. कॉलेजात असताना मला झाली होती. राणीसावरगावच्या अप्पांनी माळ घातली, पथ्य दिलं आणि मी उठून बसलो. ते अप्पा गेले. आता त्यांचा मुलगा महारुद्रअप्पा माळ घालतो.

वैदेहीचा फोन आला. "डॉक्टरांना दाखवलात ना?" हो म्हणालो. लांब राहते पोरगी, उगाच जिवाला घोर कशाला.

२४ जुलै

एसटीनं राणीसावरगावला जाऊन आलो. पिशवीतून बोका निघालेला बघून ओसरीवरची माणसं हसली. एकाला विचारलं, हसायला काय झालं, तर तंबाखू मळायला लागला.

महारुद्रअप्पा मात्र हसला नाही. म्हणाला, "मांजराला आजवर घातली न्हाई, पर जीव त्यो जीव." कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे पांढऱ्या दोऱ्यात ओवून त्यानं माळ केली आणि कोतवालाच्या गळ्यात बांधली. बरोबर बसली, एक बोट कसंबसं आत जात होतं. "माळ सैल हुत जाईल तशी कावीळ उतरायली म्हणून समजायचं. निघून पडली की पार उतरली." पथ्य कडक. दोन दिवस लंघन, मग ताकावरची निवळ आणि ज्वारीच्या कण्यांची पेज. दूध, तूप, तेल, मांसमच्छी सगळं बंद.

याला म्हणतात औषध. म्हैस नाही, नंबर नाही, "तुमचं तुम्ही वाचू नका" नाही.

२७ जुलै

लंघन पार पडलं. कोतवाल दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात बसून ओरडतो. अनसूया वाटीत दूध ओतताना सापडली. वाटी उचलली आणि मोरीत ओतली. "त्याला मारायचंय का तुला?" म्हणून विचारलं. तिनं मान खाली घातली आणि निवडायची मेथी पुढं ओढली. मला या मान खाली घालण्याची चीड येते. चुकलं असेल तर चुकलं म्हणावं, नसेल तर तसं सांगावं.

पेजेला त्यानं तोंड लावलं नाही. लावेल, भूक लागली की लावेल.

२९ जुलै

माळ तसूभर सैल नाही. एकच बोट जातं. आणि एवढं लंघन करून बोका ठणठणीत, सकाळी भिंतीवरून गस्त घालून मिशा चाटत आला. मिशा चाटत! कुठून? पथ्य कुठंतरी मोडतंय. उद्या पाळत ठेवतो.

३० जुलै

सापडलं.

दुपारी लिंबाच्या झाडामागं उभा राहिलो. शेजारच्या लिंबाजीची बायको चांगुणाबाई आली, आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर स्टीलची वाटी ठेवली आणि "ये रे राजा" म्हणाली. माझा बोका शेपूट वर करून गेला. वाटीत भाजलेला बोंबील आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे.

डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. उन्हाळ्यात कोतवालानं लिंबाजीच्या कोंबडीचं पिल्लू उचललं होतं. तेव्हा लिंबाजी गल्लीत उभा राहून म्हणाला होता, "एक दिवस ह्याच्याकडं बघतोच." मग लिव्हर उगाच बिघडलं का? रोज थोडं थोडं विष घालत असणार!

मी पुढं झालो. "काय घालताय माझ्या बोक्याला?"

ती दचकली. "काय न्हाई वो भाऊ, जरा बोंबलाचं... उपाशी दिसायलाय."

"उपाशी तुमच्या बापाच्या घरचा आहे का? ईख घालता आणि वर राजा म्हणता?"

वाटी उचलली आणि भिंतीवर आपटली. चेपून आमच्याच परसात पडली. चांगुणाबाईचं तोंड एवढंसं झालं. काही न बोलता आत गेली. बोलणार काय, चोरी पकडली गेल्यावर?

आवाज ऐकून अनसूया बाहेर आली होती. तिच्या तोंडाचा रंग उडालेला. म्हटलं, आता तरी डोळे उघडले ना? ती म्हणाली, "अहो, त्या बाईंनी काही..." तिचं वाक्य तोडून मीच म्हटलं, कड घेऊ नकोस.

कोतवालाला कोठीच्या खोलीत कोंडला. आता कुणाची वाटी पोचत नाही.

१ ऑगस्ट

ठाण्यात जाऊन लिंबाजीच्या नावानं अर्ज दिला. जमादार म्हणतो, "काका, बोका मेलाय का?" म्हटलं, मरायची वाट बघायची का? त्यानं अर्ज घेतला, वाचला, आणि शेजारच्या शिपायाकडं बघून मिशीत हसला. हे असं आहे. प्रामाणिक माणसानं जायचं कुठं?

लिंबाजीला मात्र बोलावून समज दिली म्हणे. संध्याकाळी तो दारासमोरून गेला, माझ्याकडं बघितलंही नाही. एरवी राम राम घातल्याशिवाय जात नाही. मनात खोट असली की असंच होतं.

४ ऑगस्ट

माळ सैल व्हायला लागली! आज दोन बोटं आरामात गेली. अनसूयेला मुद्दाम बोलावून दाखवलं. बघ म्हटलं, वाटी बंद झाली आणि कावीळ उतरायला लागली. यापेक्षा आणखी पुरावा काय पाहिजे?

ती म्हणाली, "पण तो ताकाला तोंडच लावत नाही हो. नुसता पडून असतो."

"पथ्यावरचं माणूस असंच पडून असतं. मी नव्हतो पडून?"

"तुम्हाला आई भाकरी भरवायच्या," एवढंच म्हणाली आणि गेली. आई भाकरी भरवायच्या, बरोबर आहे, मग? हाही खाईल.

ओरडणं मात्र पार थांबलं त्याचं. दार उघडलं तरी बाहेर पळत नाही. शहाणा झालाय. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा मला बरं वाटलं.

७ ऑगस्ट

सकाळी कोठीत गेलो तर माळ पोत्यावर पडलेली. कानांवरून निघून आपोआप पडली होती. पार उतरली! अनसूयेला हाक मारून कोतवालाला उचलला. हातात काही लागेना, नुसती कातडी आणि हाडं. तोंडातून लाळ गळत होती. उजेडात आणला तर कानाच्या आतली कातडी, जी गुलाबी असायची, ती हळदीसारखी पिवळी. डोळ्यांच्या कडाही.

माळ उतरली आणि कावीळ चढली कशी? मी ओरडायला लागलो. कुणावर ते आठवत नाही, लिंबाजीवरच असेल.

तेव्हा अनसूयेनं एक गोष्ट केली, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी कधी केली नव्हती. तिनं माझ्या हातातून बोका घेतला, बाजाराच्या पिशवीत ठेवला आणि न विचारता घराबाहेर पडली. पायात चप्पल नाही. मी मागून ओरडत गेलो. सगळी गल्ली बघत होती. ती थांबली नाही.

दवाखान्यात धम्मानंदांनी हातातली शेळी सोडून आधी कोतवालाला घेतलं. या वेळी मला नंबरची आठवण झाली नाही. रिपोर्ट मागितला. अनसूयेनं तोही आणला होता. त्यांनी तो बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"काका, हा रिपोर्ट चांगला होता."

"चांगला? अडुसष्ट? चाळीसच्या आत..."

"चाळीस माणसाला. मांजराचं माप वेगळं असतं. मांजरात एवढं असतंच. ठळक अक्षरं कॉम्पुटरनं माणूस समजून टाकली. दाखवायला आणला असता तर त्याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकलं असतं. तुमचा बोका ठणठणीत होता."

"मग ही कावीळ?"

"ही आता झाली. मांजर लंघन सोसत नाही. चार दिवस पोटात काही गेलं नाही की अंगावरची चरबी सगळी लिव्हरवर चढते, आणि लिव्हर बसतं. मग त्याला खावंसंच वाटत नाही, आणि खात नाही म्हणून आणखी बसतं." त्यांनी परत रक्त काढलं, सलाईन लावलं. मग विचारलं, "पण एक कळंना. लंघन चोवीस जुलैपासून म्हणता, मग इतके दिवस तग कसा धरला यानं? बाहेर कुठं खात होता का?"

अनसूया म्हणाली, "शेजारच्या चांगुणाबाई घालत होत्या. मीच त्यांना सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिनं उत्तर डॉक्टरांकडं बघून दिलं. "यांना सांगायची सोय आहे का?"

८ ऑगस्ट

पप्पूचा रिपोर्ट आला. एसजीपीटी पाचशेच्या वर. या वेळी नावापुढं पेनानं "मांजर" लिहिलंय. पप्पूला काही बोललो नाही.

कोतवालाच्या नाकातून बारीक नळी घातलीय. कोंबडी बिनमसाल्याची शिजवून, वाटून, गाळून, सिरींजनं थोडी थोडी दिवसभर द्यायची. तेवढंच औषध आहे म्हणतात, खाणं हेच औषध. जगेल का विचारलं, तर म्हणाले, "भरवत राहिलात तर जगंल."

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं आलेलं नाही. त्यात श्रावण. बाजारात कोंबडीचं दुकान बंद. अनसूया माझ्याकडं बघत उभी राहिली, या वेळी मान खाली घातली नाही.

लिंबाजीच्या दारात गेलो. चांगुणाबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, कोतवालाला... आणि पुढचं बोलायचं राहिलं, कारण तिनं सूप खाली ठेवलं.

"आता आलाव व्हय? उपाशी मारलंत की वो त्येला! वरडून वरडून त्याचा घसा बसला, आमाला भिंतीपल्याड ऐकू येत हुतं. ईख घातलं म्हणून आमचं नाव ठाण्यात दिलंत. ह्यांनी जल्मात ठाण्याची पायरी बघितली न्हवती. श्रावणात आमच्या बी चुलीवर अंडं शिजत न्हाई, भाऊ. मागं न्हाणीपाशी तीन दगडं मांडून त्याच्यासाटी बोंबील भाजत हुते मी. देवाला म्हणलं, माझं पाप माझ्याकडं, मुक्या जिवाला श्रावण कुठला. आन तुमी?"

लिंबाजी आतून म्हणाला, "अगं बास की आता."

"तुमी गप बसा! ह्यांना कुणीच काय म्हणत न्हाई, म्हणून तर हे झालं."

मी उभा होतो. कचेरीत साहेबसुद्धा माझ्याशी असं बोलले नाहीत. तरी राग येईना. येत होता, पण तिचा नव्हता.

दम लागल्यावर ती थांबली. मग लिंबाजीला म्हणाली, "बघायलाव काय? धरा एखादी." लिंबाजी उठला आणि खुराड्याकडं गेला.

११ ऑगस्ट

चांगुणाबाई तीन दगडांच्या चुलीवर रस करते, भिंतीवरून अनसूयेच्या हातात देते. सिरींज मी दाबतो. अनसूया म्हणाली होती मी देते, पण मीच बसतो. हळू दाबलं तर नळी तुंबते, जोरात दाबलं तर तो ओकतो. डॉक्टरांवर चिडतो, नळीवर चिडतो. आज सगळा रस धोतरावर सांडला. मांसाचा वास अंगाला येतो. आंघोळ करतो, परत वास येतो.

महारुद्रअप्पाला शिव्या द्यायच्या म्हणून फोन लावला. त्यानं आधीच विचारलं, "उतरली का माळ?" म्हटलं, उतरली. "बघा, म्हणलं हुतं का न्हाई?" फोन ठेवून दिला. त्याला काय बोलणार. मांजराला आजवर घातली नाही असं तो सांगत होताच.

ती माळ खिशातच होती. काढून हातात घालून बघितली. माझ्या मुठीवरून गेली नाही. एवढीशी ती माळ, आणि त्याच्या डोक्यावरून निघून पडली. आणि मी अनसूयेला हाक मारून दाखवत होतो.

माळ उकिरड्यावर टाकली.

१५ ऑगस्ट

वैदेहीला फोन करून सगळं सांगितलं. दाखवलं होतं असं खोटं बोललो तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मला वाटलंच होतं. पण परत विचारायची भीती वाटली."

हिलाही! ही तर पुण्यात असते.

ठाण्यात जाऊन अर्ज मागे घेतला. जमादार परत हसला. हसू दे.

१८ ऑगस्ट

कानाचा पिवळेपणा उतरलाय. नळी काढली. आता त्यानं आपल्या तोंडानं खाल्लं पाहिजे. वाटी पुढं ठेवली की तो तोंड फिरवतो. माझ्या हातची वाटी बघितली की कोपऱ्यात जाऊन बसतो. डॉक्टर म्हणतात, सक्तीनं भरवलेलं मांजर असं करतं. मला नाही पटत. त्याला कळतं सगळं.

२२ ऑगस्ट, पोळा

सकाळी लिंबाजी त्याच्या परसात बैलांची शिंगं रंगवत होता. कोतवाल परसात उन्हाला पडला होता. बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला तसा उठला, हेलपाटत भिंतीपर्यंत गेला. उडी जमेना. दोनदा पडला. मी उचलून वर ठेवला. म्हटलं, घाल गस्त.

तो पलीकडं उतरला. सरळ न्हाणीजवळच्या त्या तीन दगडांपाशी जाऊन बसला. लिंबाजीनं रंगाचे हात धोतराला पुसले, अंडं आणून सोललं आणि तळहातावर कुस्करून त्याच्यापुढं धरलं. कोतवालानं वास घेतला आणि खाल्लं. सगळं खाल्लं, मग हातही चाटला.

लिंबाजी भिंतीकडं न बघता म्हणाला, "गोविंदराव, खायलाय बघा."

नमकहराम. मी रात्रंदिवस सिरींज दाबली आणि हा जेवायला तिकडं जातो. हे सगळं मनातच. म्हटलं, खाऊ दे.

घरात आलो. ती चेपलेली वाटी अनसूयेनं घासून फळीवर ठेवलेली होती. शेजारणीची वाटी रिकामी पाठवत नाहीत, एवढी रीत मला ठाऊक आहे. काय घालायचं सुचेना, अनसूया पुरण वाटत होती, विचारायचा संकोच वाटला. डबा दिसला त्यातली साखर शिगोशीग भरली आणि स्वतः घेऊन गेलो.

चांगुणाबाईनं वाटी हातात घेतली, चेपल्या जागेवरून बोट फिरवलं. "माझ्या आईनं रुखवतात दिलेली, भाऊ. भांडी ठोकणाऱ्याकडं न्यायची म्हणलं तर कुणी नीट करंल का ही?"

"करून आणतो."

"आता राहू द्या. दिसू द्या तशीच." साखर घेऊन आत गेली.

परत आलो तर अनसूयेनं चहा पुढं ठेवला. घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. मी वर बघितलं. तिनं पुरणाचे हात कमरेवर ठेवले होते.

"साखर सगळी तिकडं ओतून आलात. विचारलं का मला? आता तसाच प्या."

प्यालो.